गावाची वेळ, गल्लीची वेळ

घाटमाथ्यावरच्या साम्रद गावाला जायचं तर शनिवारी संध्याकाळी पोचू नये, आणि मुंबईतलं कापडाचं मंगळदास मार्केट बघायचं तर रविवार निवडू नये. शनिवारी संध्याकाळी साम्रदजवळच्या सांदण दरीच्या तोंडाशी तंबू, गाड्या आणि स्पीकर यांची दाटी झालेली असते. रविवारी मंगळदासची शटरं खाली असतात. सहलीचा बेत आखताना ‘कुठे जायचं’ यावर आपण आठवडाभर खल करतो, आणि ‘केव्हा जायचं’ हे मात्र ऑफिसच्या सुट्टीवर सोपवून मोकळे होतो. डोंगरातलं गाव काय किंवा शहरातली जुनी वस्ती काय, तिथे माणसं राहतात. त्यांची कामं ठरलेल्या वेळी चालतात, वाटा ठरलेल्या वेळी भरतात आणि रिकाम्या होतात. या वेळांची थोडी माहिती करून घेऊन गेलं, तर तीच जागा कितीतरी जास्त हाती लागते.

हे नीट सांगायला दोन जागा घेतो. एक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा घाटमाथा: बारी, शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई ही गावं. दुसरी मुंबईतला गिरगाव ते भुलेश्वर, काळबादेवी हा पट्टा. एका टोकाला कळसूबाईचं १६४६ मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वोच्च शिखर, दुसऱ्या टोकाला समुद्रसपाटीवरच्या चाळी. या दोन्हींना जोडणारी कसारा लोकल सीएसएमटीहून अडीच तासांत घाटाच्या पायथ्याशी आणून सोडते.

कसाऱ्याहून पुढे साम्रद सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. रस्ता इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी असा. शेअर जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर ती येईलच असं नाही. घोटीहून राजूर-अकोल्याकडे जाणारी एसटी बारीला आणि शेंडीला सोडते. शेंडी म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. तिथून आत रतनवाडी किंवा साम्रदला जायला गाडी आधी ठरवून ठेवावी लागते, आणि ती सांगायला सोपी वाट म्हणजे ज्यांच्या घरी उतरणार आहात त्यांनाच फोन करणं. गावातल्या कोणाकडे तरी जीप असतेच. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल आणि रोख पैसे दोन्ही घोटीलाच भरून घ्यावेत. यूपीआयचा कोड घरोघरी चिकटवलेला दिसतो, पण नेटवर्क पावसात आणि ढगात पार जातं, आणि पाचशेच्या नोटेला सुटे देताना समोरच्याची पंचाईत होते. पन्नास-शंभरच्या नोटा ठेवाव्यात.

रात्री अकरानंतर घाटघरच्या रस्त्याला लागू नये. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसलेली असतात. दुसरं कारण गावाचं आहे. इथलं घर पहाटे पाचला उठतं. रात्री साडेअकराला पोचलेल्या बारा जणांना जेवायला वाढायचं म्हणजे त्या घरातल्या बाईची झोप संपूर्ण गेली. ती तक्रार करत नाही, हसून वाढते, म्हणून पाहुण्याच्या लक्षात येत नाही इतकंच.

जेवणाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. चुलीवर एका वेळी एक तवा. एक भाकरी थापून, भाजून, निखाऱ्यावर फुगवून बाहेर यायला दोन-तीन मिनिटं. दहा माणसांना तीन-तीन भाकऱ्या म्हणजे तासाहून जास्त वेळ एक माणूस चुलीपुढून हलणार नाही. गावठी कोंबडी सांगितली तर ती पकडण्यापासून शिजेपर्यंत तीन तास धरायचे, कारण ती बाजारातल्या ब्रॉयलरसारखी वीस मिनिटांत शिजत नाही. पीठ घरात असेलच असं नाही; ते दळून आणायचं तर गिरणीला वीज हवी, आणि वादळी पावसात वीज दोन दोन दिवस नसते. म्हणून संध्याकाळच्या जेवणाची संख्या सकाळीच, पक्की सांगावी. ‘आठ ते बारा जण असू’ असं सांगणं सर्वांत वाईट: बारांचं केलं आणि आठ आले की चारांचं अन्न वाया, आठांचं केलं आणि बारा आले की पुन्हा चूल पेटवा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, वालाची किंवा मटकीची आमटी, पिठलं, कारळ्याची चटणी, मिरचीचा ठेचा, वाफाळता भात: जे त्या ऋतूत घरात आहे ते मागावं. पनीर मागू नये. पनीर घोटीहून येतं, बर्फाशिवाय येतं.

आता भाताबद्दल, कारण घाटमाथ्याचं वर्ष भातावर चालतं आणि इथे कधी जावं या प्रश्नाचं खरं उत्तर भाताच्या खाचरातच आहे.

उन्हाळ्यात उतारावर काळे चौकोन दिसतात. ते राब. झाडाची छाटलेली टहाळी, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि पेटवतात. त्या आचेने तणाचं बी मरतं आणि राख खताला होते. पहिल्या पावसाच्या बेताने त्यावर भात पेरतात, आणि तीनेक आठवड्यांत रोपं लावणीला येतात. जुलैमध्ये चिखलणी आणि लावणी. हा महिना म्हणजे गावाची सगळ्यात मोठी घाई. रोप जास्त दिवस राबावर राहिलं तर फुटवा कमी येतो. पाऊस आहे तोवर चिखल होतो. म्हणून सगळं गाव, शाळेतल्या पोरांसकट, पाण्यात उभं असतं. नेमक्या याच महिन्यात धबधबे बघायला शहर येतं आणि ‘गाइड का मिळत नाही’ म्हणून चिडतं. गाइड लावणीला गेलेला असतो.

याच काळात पाहुण्याच्या हातून, खरं तर पायाखाली, मोठं नुकसान होतं. भाताच्या खाचराला भोवती मातीचा बांध असतो. लावणीआधी तो चिखलाने लिंपून घेतात, म्हणजे खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजतात. खाचरात चार-पाच बोटं पाणी उभं राहायला हवं: तेवढ्याने रोप धरतं आणि तण दबतं. ओल्या बांधावर बुटाने पाय दिला की कड खचते. तेवढ्या खाचेतून पाणी वाहायला लागतं, वाहताना खाच मोठी होते, आणि रात्रीतून खाचर रिकामं होतं. खालच्या खाचरात पाणी जास्त होऊन तिथला बांध फुटतो तो वेगळाच. हिरवळीतला सुंदर फोटो त्या बांधावर उभं राहूनच येतो, त्यामुळे एका फोटोमागे दुसरा, दिवसभर. फोटो रस्त्यावरून काढावा. शेतातून जावंच लागलं तर शेतकऱ्याला विचारावं. तो कुठला बांध जुना आणि भक्कम आहे ते दाखवतो, आणि त्यावरूनही एकामागे एक, कडेवर पाय न देता जायचं.

माझ्या मते या भागात जाण्याचा उत्तम काळ सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. बेणणी, म्हणजे तण काढणं, संपलेली असते, भात निसवलेला, म्हणजे लोंब्या बाहेर आलेला असतो, लोकांना बोलायला सवड असते. खुरासणीची शेतं पिवळी होतात, कड्यांवर सोनकी फुललेली असते, ढग मधेच उघडून रतनगड दाखवतात. कळसूबाईला नवरात्रात जत्रा भरते. बारीहून वर जाणारी वाट त्या दिवसांत गावोगावच्या माणसांनी भरलेली असते, आणि लोखंडी शिड्यांपाशी खोळंबा होतो. शिखर शांतपणे बघायचं असेल त्यांनी ते दिवस टाळावेत. ज्यांना माणसं बघायची आहेत त्यांनी त्याच दिवसांत जावं. नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. खळ्यावर काम चालू असताना जवळ बसायला कोणी ना म्हणत नाही.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं कोरीव मंदिर प्रवरेच्या उगमाजवळ आहे. दगडातली नक्षी नीट वाचायची तर सकाळचं तिरकं ऊन हवं. दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते. शेजारची पुष्करणी बघायला लोक विसरतात.

पाण्याविषयी मात्र जास्त बोललं पाहिजे. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समोर भंडारदऱ्याचा जलाशय, १९२६ साली पुरा झालेल्या धरणाचा. आणि तरीही एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यातल्या कितीतरी पाड्यांवर बायका हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात. कारण खडकात आहे. हा सगळा डोंगर बेसॉल्टच्या थरांचा. घट्ट थरात पाणी मुरायला जागा नसते, ते फक्त भेगांमधून आणि सच्छिद्र थरांतून जातं, वर मातीचा पापुद्रा पातळ, उतार तीव्र. चार महिन्यांचा पाऊस जवळजवळ सगळा वाहून जातो. धरणाचं पाणी खाली, प्रवरेच्या कालव्यांतून बागायतीला. गाव वर, पाणी खाली, आणि मध्ये चढ. उन्हाळ्यात इथे राहायला गेलात तर आंघोळ अर्ध्या बादलीत करावी, आणि बादली कोणी कुठून आणली हे एकदा त्या वाटेने चालून बघावं.

सांदण दरीची गोष्टही पाण्याचीच. साम्रदच्या कडेला खडक फाटून झालेली ही घळ दीड-दोन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांचे कातळ, आणि काही ठिकाणी दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढी अरुंद. सुरुवातीला पाण्याचे दोन डोह लागतात. हिवाळ्याच्या आरंभी दुसऱ्या डोहात पाणी कमरेच्या वर असतं, मार्चपर्यंत ते बरंच उतरतं. मोबाईल आणि कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून डोक्यावर धरायचे. पायात बूट हवेत, आणि ओले झाले तरी काढायचे नाहीत, कारण डोहाच्या तळाशी सुटे, धारदार दगड असतात. घळीच्या टोकापर्यंत जाऊन उलट फिरता येतं. त्याच्या खाली उतरायचं तर दोरावरचे टप्पे आहेत, आणि परत वर यायला करोली घाटाची दमवणारी चढण. तो सगळा कार्यक्रम दोर, हार्नेस आणि जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय करू नये.

पावसाळ्यात मात्र दरीत पाऊलही ठेवायचं नाही. घळीत उभ्या माणसाला वरच्या पठारावर काय चाललंय ते दिसत नाही. डोक्यावर फक्त आभाळाची पट्टी. मैलभरावर वळवाचा पाऊस कोसळला की तो सगळा या एका चिरेत येतो, आणि चढून जायला दोन्ही बाजूंना पकड नसते. मे अखेरीस आकाशात ढग जमताना दिसले तरी हाच नियम. साम्रदची माणसं ‘आज नको’ म्हणाली की वाद घालू नये; त्यांना त्या दिवशीची मजुरी बुडवून ‘नको’ म्हणायची हौस नसते.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम. घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडी या बाजूला हिरडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो नर काजवे एका तालात चमकतात. संपूर्ण झाड पेटतं आणि विझतं. ही चमक म्हणजे मादीला घातलेली साद. मादी बहुतेक वेळा खाली, गवतात किंवा झुडपात असते आणि तिचं उत्तर मंद असतं. तिथे गाडीचा हेडलाइट पडला की ते उत्तर नराला दिसतच नाही. झाड काही वेळ अंधारून जातं. गवतात शिरून झाडाच्या बुंध्याशी उभं राहणारे पाय माद्या तुडवतात. म्हणून गाडी गावातच लावायची, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, विजेरीवर लाल कागद बांधून ती जमिनीकडे धरायची, मोबाईल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एका स्क्रीनने ती वीस मिनिटं सगळ्यांचीच पुन्हा सुरू होतात. अंगावर डास पळवणारं मलम चोपडून झाडाजवळ जाऊ नये. पहिला जोराचा पाऊस झाला की हंगाम आटोपतो, त्यामुळे तारखा महिनाभर आधी ठरवण्यात अर्थ नसतो. आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. शनिवारी या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि तेवढ्या दिव्यांपुढे काजवे दिसायचे कसे?

घाटातल्या पायवाटेवर एक रीत आहे. समोरून डोक्यावर मोळी किंवा हंडा घेतलेलं कोणी आलं, तर रिकाम्या माणसाने थांबायचं, आणि डोंगराच्या बाजूला थांबायचं, दरीच्या बाजूला नाही. मोळी आडवी असते, तिचं टोक लागलं तर दरीकडचा माणूस जातो. हीच रीत जशीच्या तशी भुलेश्वरच्या गल्लीत चालते.

मुंबादेवीच्या परिसरात, झवेरी बाजार आणि मंगळदासच्या मधल्या बोळांत सकाळी दहापासून पाटीवाले, म्हणजे डोक्यावर माल वाहणारे हमाल, आणि हातगाड्या सुरू होतात. कापडाचे तागे, भांड्यांची पोती, खोकी. डोक्यावर पन्नास किलोचा भार घेतलेल्या माणसाला अचानक थांबता येत नाही: भाराला वेग असतो, थांबलं की तो पुढे जातो आणि मानेला हिसका बसतो. लादलेली हातगाडी एकदा उभी राहिली की पुन्हा हलवायला तिघांना जोर लावावा लागतो. ‘बाजू, बाजू’ अशी हाक आली की मागे वळून बघत बसू नये. आधी दुकानाच्या पायरीला लागावं, मग बघावं. बोळाच्या मधोमध उभं राहून मोबाईलवर नकाशा बघणारा माणूस इथे सगळ्यांत अडचणीचा. अशा ओझी वाहणाऱ्यांच्या संरक्षणासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यांच्यातले पुष्कळ साताऱ्याच्या डोंगरातून आलेले.

या भागाचं वेळापत्रक असं. पहाटे सहा ते आठ फूलगल्ली आणि देवळं. ओल्या पोत्यांवर झेंडू, तुळस, बेल, लांब दांड्याची कमळं. पांजरापोळात गाईंना चारा घालायला येणारे लोकही याच वेळी. ही संस्था १८३४ सालची, मुंबईतली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध उठलेल्या असंतोषातून उभी राहिलेली. आठ ते दहा गल्ल्या जवळजवळ मोकळ्या असतात. इमारती बघायच्या तर याच दोन तासांत: लाकडी कोरीव सज्जे, बिडाचे खांब, माळ्यांवर वाढवलेले माळे. दहानंतर मान वर करून चालता येत नाही. अकरा ते सात व्यापार. सातनंतर खाऊच्या गाड्या. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे १८६९ ची महात्मा जोतिबा फुले मंडई, त्याच्या दरवाज्यांवरची शेतकऱ्यांची दगडी शिल्पं शिल्पकार लॉकवूड किपलिंग यांची. ती बघायला रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर जावं लागतं आणि तेही सकाळीच, वाहतूक कमी असताना.

तांबाकाट्याला, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या बाजारात, भांडं घ्यायचं असेल तर पद्धत माहीत असावी. पितळ-तांबं वजनावर विकतात. भाव किलोचा, त्यावर घडाईची मजुरी. आधी त्या दिवसाचा भाव दोन दुकानांत विचारावा. भांडं हातात लटकतं धरून बोटाने टिचकी मारावी: अखंड असेल तर नाद लांबतो, चीर किंवा कच्चा सांधा असेल तर बद्द आवाज येतो. बुडाला झाळ (सांध्याचा डाग) कुठे आणि किती आहे ते उलटं करून बघावं. स्वयंपाकाला घेणार असाल तर कल्हई केलेलंच घ्यावं, कारण ताक, चिंच, कोकम, टोमॅटो असं आंबट पितळेला लागलं की पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. कल्हई रोजच्या वापरात काही महिन्यांनी झिजते, आत पिवळं दिसायला लागलं की पुन्हा करायची. कल्हईवाला तुमच्या शहरात उरलाय का, हे विकत घेण्याआधी बघा.

भुलेश्वरहून पश्चिमेला पंधरा मिनिटं चालत गेलं की गिरगाव. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगाव आणि काळबादेवी दोन्ही ठिकाणी थांबते, त्यामुळे येणं सोपं झालंय. पण या दोन स्टेशनांमध्ये मेट्रोने जाऊ नका. जे बघायचं ते सगळं वर आहे.

गिरगावात सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे चाळीची गॅलरी. बाहेरच्याला तो व्हरांडा वाटतो. पण दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची ती दुसरी खोली आहे. तिथे कपडे वाळतात, आजोबा पेपर वाचतात, पोरं अभ्यासाला बसतात, दुपारी कोणी चटई टाकून पडलेलं असतं. जिना सगळ्यांसाठी उघडा असला तरी गॅलरीतून चालत जाणं म्हणजे एकामागून एक दहा घरांच्या पुढच्या खोलीतून जाणं. आपल्याकडे दार उघडं असतं याचा अर्थ शेजारी येतील असा असतो, कॅमेरा येईल असा नसतो. चाळ बघायची इच्छा असेल तर आवारात उभं राहून बसलेल्या कोणाशी बोलावं. ‘काका, वर जाऊन बघू का?’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा काका स्वतःच वर घेऊन जातात आणि मग तासभर सुटका होत नाही. सकाळी पाण्याची वेळ मात्र टाळावी. महापालिकेचं पाणी ठरलेल्या तासांतच येतं. तेवढ्यात पिंपं भरायची, धुणं आटपायचं, डबे करायचे असतात. हे पाणी येतं शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा, वैतरणेच्या बाजूने, म्हणजे कसारा लोकल ज्या डोंगरांकडे जाते त्याच बाजूने. आणि त्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. मुंबईतला तो पहिला मानला जातो. मूर्ती अजूनही लहान, आणि ती पालखीतून नेतात. उंच मूर्तींच्या रांगांत आठ-दहा तास उभं राहण्यापेक्षा या चाळीच्या अंगणात संध्याकाळच्या आरतीला उभं राहावं, असं मी मनापासून सांगेन. चपला बाहेर, मोबाईल खाली, आरती येत असेल तर म्हणावी.

खोताची वाडी तिथून जवळच. कौलारू छपरं, पुढे पडवी, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, रंगीत कठडे, वळणावर क्रूस. एकेकाळी साठ-पासष्ट अशी घरं होती, आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत, आणि भोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. वाडी चालून जायला दहा मिनिटंही लागत नाहीत, म्हणून लोक ती चार वेळा चालतात, प्रत्येक पायरीवर बसून फोटो काढतात. लग्नाआधीचे फोटो काढणारी पथकं कपड्यांच्या बॅगा घेऊन कोणाच्याही पडवीत उतरतात. पायरी ही घराची असते, तिथून घरातल्याला बाहेर पडायचं असतं. एकदा सावकाश चालावं, आवाज खाली ठेवावा, रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला गर्दी करू नये. डिसेंबरात नाताळच्या आठवड्यात वाडी सजते, तेव्हा संध्याकाळी जाणं चांगलं.

चर्चगेट स्टेशनबाहेर सकाळी साडेअकराच्या सुमाराला डबेवाल्यांचं काम बघायला मिळतं: पदपथावर डबे उतरतात, झाकणावरच्या खुणा वाचून मिनिटांत वाटले जातात, लाकडी पाट्या डोक्यावर चढतात. बघायचं तर भिंतीला टेकून बघायचं, प्रश्न दुपारी दोननंतर विचारायचे. ही माणसं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले अशा डोंगराळ तालुक्यांतली. एप्रिलमध्ये गावोगावच्या यात्रांसाठी ती पाच-सहा दिवस रजा घेतात आणि मुंबईतली डब्याची सेवा बंद असते. अकोल्याच्या एखाद्या गावात त्या दिवसांत गेलं तर पारावर बसलेल्या माणसांना चर्चगेट आणि अंधेरीच्या गल्ल्या तोंडपाठ असतात. दोन जागांमधला जो दुवा नकाशावर दिसत नाही तो असा पालखीमागे चालताना भेटतो. यात्रेत पाहुण्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही. जाताना नारळ आणि पेढे न्यावेत, पाकिटातून पैसे काढून जेवणाची किंमत विचारू नये. देवळाच्या वर्गणीत पावती फाडली तर ते सगळ्यांना आवडतं.

दोन्ही जागा एका फेरीत बघायच्या असतील तर क्रम असा धरावा. गुरुवारी पहाटे फूलगल्ली, आठ ते दहा इमारती, मग मंगळदास आणि तांबाकाटा, दुपारची मिसळ आणि पियुष गिरगावात, संध्याकाळी खोताची वाडी. रात्री नीट झोपावं. शेवटच्या कसारा लोकलने मध्यरात्री निघायची ट्रेकर मंडळींची सवय आहे, पण त्यात पहाटे तीनला कसाऱ्याच्या फलाटावर बसावं लागतं आणि दुसरा दिवस पेंगण्यात जातो. त्यापेक्षा शुक्रवारी सकाळची लोकल धरावी. गर्दी मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांना असते, आपण उलट दिशेने जातो, बसायला जागा मिळते. दुपारी शेंडी, ऊन कलताना रतनवाडी, रात्री मुक्काम. शनिवारी पहाटे सहाला सांदण किंवा रतनगड, अकरापर्यंत खाली, जेवून दोन वाजता परतीची जीप. घोटीच्या अलीकडे समोरून शनिवारच्या गाड्या येताना दिसायला लागतात. कसाऱ्याहून परत येणाऱ्या लोकलच्या वेळा त्या दिवशी सकाळीच बघून ठेवाव्यात, कारण दोन गाड्यांमध्ये तासाहून जास्त अंतर असू शकतं, आणि रविवारचं वेळापत्रक मेगाब्लॉकमुळे वेगळं असतं.